मामा तेवढे स्थिर

रविवारी बेळगावात अनगोळला मावसभावाच्या मुलीचं लग्न झालं आणि तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीयेत. फोटो मी काढायचे हे मला न विचारताच ठरलेलं, "तू आहेस की घरचा, बाहेरचा कशाला उगीच". कॅमेरा असलेला नातेवाईक म्हणजे गल्लीतला नळ, कुणीही यावं आणि कळशी लावावी. त्यात दोनच दिवस आधी आमच्या धाकट्यानं माझ्या निकॉन डी ७२०० वर अख्खा ग्लास उसाचा रस ओतला. मग मित्राचा कॅनन ८० डी मागून आणला. तो म्हणाला, "कॅमेरा तो कॅमेराच की रे, काय फरक पडतंय."

पडतंय रे बाबा.

निकॉनला चालू-बंदची कडी शटरच्या बटणाभोवती असते, कॅननला ती डावीकडे वर. झूम फिरवायची दिशा उलटी, लेन्स बसवायची पण उलटी, निकॉनची तर १९५९ पासून तशीच आहे. हे सगळं डोक्याला माहीत होतं हो. बोटाला कोण सांगणार? मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं लावायचं तेव्हा, माझं पुढचं बोट पुढचं चाक फिरवतं आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बदलतं, हे इतकी वर्षं चाललंय. कॅननवर पुढच्या चाकाला शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, अॅपर्चर मागच्या मोठ्या चाकावर. यात कॅननची काही चूक नाही, त्याच्यावर लोक झकास लग्नं काढतात. चूक माझ्या बोटाची.

तर मंगलाष्टकं संपत आलेली, मी घरच्यांच्या ग्रुपसाठी अॅपर्चर एफ ५.६ वर, शटर १/१०० सेकंद. आता भोक मोठं, २.८ करूया म्हणून खटखट सहा क्लिक दिले. उजेडाचं मीटर वर चढलं, मी खूष. प्रत्यक्षात अॅपर्चर होतं तिथंच आणि शटर येऊन बसलेलं १/२५ वर, म्हणजे समोरचं जरा हललं की फोटो पुसट. सावधान झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट गेला, नवरानवरी हसत एकमेकांकडे झुकली, आणि मी धडाधड चौदा फोटो मारले. स्क्रीनवर बघतो तर दोघांच्या जागी दोन पिवळे ढग.

नवरीच्या पाठीमागे उभे असलेले तिचे मामा, निपाणीचे, सगळं बघत होते. स्टेजवरूनच, भटजींच्या आवाजाच्या वर: "काय ओ पाव्हणं, कॅमेरा नवा हाय का तुम्ही नवं?"

शंभरेक माणसं हसली. भटजीसुद्धा.

पुढं पंगतीत मामा मुद्दाम माझ्या शेजारी बसले. जिलबी माझ्याच पानात वाढायला लावून सुरू झाले. "मनाला लावून घेऊ नका. माझी जुनी बुलेट हाय. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. तीस वर्षं. पोरानं नवी घेतली, तिचं सगळं उलटं. म्हटलं बघूया, गेलो संकेश्वर रोडला. म्होरं आली उसाच्या वाड्याची, हिरव्या शेंड्यांची, बैलगाडी. मी दाबला डावा पाय, कचकचून!"

"मग?"

"मग काय, तिकडं ब्रेक कुठं हाय, गिअर हाय की! गाडी गेली वाड्यात, मी बी गेलो वाड्यात. बैलानं मागं वळून बघितलं ओ माझ्याकडं." इथं त्यांनी बैलासारखी मान वळवून दाखवली, मठ्ठ्याची वाटी आडवी झाली, माझ्या पँटवर. "पोराला म्हटलं, तुझी बुलेट तुला लखलाभ, माझा पाय आता शाळेत जायचा नाही."

खरं सांगू, मला जे भाच्याला दोन महिने पटवता येत नाहीये ते या माणसानं जिलबी खात सांगून टाकलं. मला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचाय. भाचा रोज मेगापिक्सल आणि फोकस पॉइंटचे तक्ते पाठवतो, आणि मी विचारतो, पुढचं चाक कुठे आहे? तो हसतो. फुजीच्या एक्स-टी कॅमेऱ्याचा मोह पडतो, वर शटरच्या आणि आयएसओच्या (उजेड किती जाणवावा त्याच्या) चकत्या, आकडे छापलेले, कॅमेरा बंद असला तरी सेटिंग दिसतं. पण मंगल कार्यालयाच्या अंधारात ते वाचायला चष्मा लागणार, आणि चष्मा लावला की डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर अडचणीचा. म्हणजे परत निकॉनच. लोकांना वाटतं लेन्समुळे अडकलोय. लेन्स विकता येतात हो, बोटं कुठं विकायची?

आणि फुकटात राबून वर ऐकून घ्यायचं ते वेगळंच. मठ्ठ्याचा डाग अजून गेलेला नाही.

त्या चौदा फोटोंत एक गोष्ट मात्र झाली. मामा खांबासारखे उभे होते, त्यामुळे १/२५ ला सुद्धा ते कडक आलेत, मिशीचा केस न् केस. काल त्यांचा फोन आला. "तो माझा लई भारी आलाय बघा. बारा बाय अठरा करून द्या, सोनेरी फ्रेम घाला. आणि ते म्होरं दोघं हललेलं हाईत न्हवं, ते तेवढं कापून टाका."