हिरवं दिसतं म्हणून सावरलं का? पीटच्या वणव्यांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या हजारो वर्षं साठलेल्या थराच्या दलदलीत वणवा लागला तरी दोन-तीन वर्षांत पुन्हा हिरवळ येते आणि उपग्रहाच्या चित्रांत ती दिसते. कॅनडातल्या दलदली हजारो वर्षं जळत आणि उगवत आल्या आहेत. उत्तर इंग्लंडमधल्या मूर हाऊस इथल्या प्रयोगात जमिनीच्या जाळलेल्या तुकड्यांत स्फॅग्नम शेवाळ उलट चांगलं टिकलं. तेव्हा "सावरायला शतकं लागतात" असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो आहे.

कॅनडाबद्दल तुमचं म्हणणं बरोबरच आहे आणि मूळ लेखातही मी ते नाकारलेलं नाही. तिथल्या ओल्या दलदलींना आग नवी नाही. साधारण शंभर-सव्वाशे वर्षांनी एकदा ती येऊन जाते. ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या शेंड्याजवळ शंकूंचे घोस असतात. त्यांच्यावरची राळ आगीच्या धगीने वितळते आणि पुढची काही वर्षं बिया खाली पडत राहतात. लॅब्राडोर टी, क्लाउडबेरी या बुटक्या वनस्पतींचे जमिनीखालचे खोडकंद जिवंत असतात, त्यामुळे पुढच्याच उन्हाळ्यात त्यांना फुटवे येतात. पण खरं काम करतं ते स्फॅग्नम. त्याला मुळं नसतात. त्याच्या पानांत मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात आणि त्यांच्या जोरावर ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरून ठेवतं. आग अशा ओल्या उंचवट्याजवळ आली की वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर करपतो आणि खालचं तसंच राहतं. त्या करपलेल्या थराखालच्या देठांवरून बाजूचे कोंब फुटतात. वणव्यानंतरच्या काळ्या जमिनीवर असे न जळलेले उंचवटे ठिकठिकाणी उभे दिसतात आणि पुढचं शेवाळ तिथूनच पसरत जातं.

जिथे पीट उघडं पडलंय तिथे आधी पॉलिट्रिकम नावाचं ताठ, काटक शेवाळ येतं. त्याच्या धाग्यांची जाळी मोकळं पीट बांधून ठेवते, त्यामुळे थंडीत गोठून-फुगून पृष्ठभाग उखडत नाही. त्याच्या आडोशाने काही वर्षांनी स्फॅग्नम परततं. हा क्रम मला फार आवडतो, कारण यात माणसाने काहीही करायची गरज नसते.

पण यातली प्रत्येक पायरी पाण्यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या युक्तिवादात पाणी कुठेच नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एका दलदलीच्या काही भागाचा 1980च्या दशकात झाडं जोमाने वाढावीत म्हणून चर खणून निचरा केला होता. 2001च्या वणव्यात निचरा केलेला आणि न केलेला असे दोन्ही भाग जळाले. ओल्या भागात शेवाळ परत आलं. कोरड्या भागात 450 वर्षांहून अधिक काळात साठलेलं पीट त्या एका वणव्यात गेलं आणि त्या जागी विलो आणि गवत माजलं. उपग्रहाला विचाराल तर तीही हिरवळच! त्या चित्रांतून किती पाना-पात्याचं आच्छादन आहे ते कळतं. खाली पीट साठतंय की सडून हवेत जातंय, हे त्यातून कळत नाही. म्हणून नुसत्या हिरव्या रंगावर मी विश्वास ठेवत नाही.

आता मूर हाऊस. तो प्रयोग 1954 साली सुरू झाला. दर 10 वर्षांनी जाळलेल्या तुकड्यांत कॉटनग्रास नावाची गवतासारखी वनस्पती वाढली आणि स्फॅग्नमही टिकलं, हे खरं. पण तिथली आग ठरवून लावलेली आहे. ती वरवरचं हेदर नावाचं बुटकं झुडूप जाळून निघून जाते, पीट पेटवत नाही. उन्हाळी वणवा सुकलेल्या पीटमध्ये शिरला की आठवडेच्या आठवडे आत धुमसत राहतो. 2018 साली मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूर या पीटच्या माळरानावर तर आग विझवायला सैन्य बोलवावं लागलं होतं. हेदरच्या बिया पीटमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात, धुराने त्यांना चालनाही मिळते. पण ज्या थरात त्या आहेत तोच जळला तर उगवणार काय? कॉटनग्रासचे कोंब त्याच्या दाट गड्ड्याच्या आत सुरक्षित असतात, म्हणून ते सगळ्यांत आधी हिरवं होतं. तुमच्या चित्रांतली पहिल्या वर्षाची हिरवळ बहुधा त्याचीच असावी. ठरवून लावलेल्या आगीचा निष्कर्ष वणव्याला लावता येत नाही.

उष्ण कटिबंधाचा उल्लेख तुम्ही केलाच नाही, आणि माझी खरी काळजी तिथलीच आहे. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतात 1996 साली दहा लाख हेक्टरांवर भातशेती करण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खणले गेले. भात काही पिकला नाही, पीट मात्र सुकलं. 1997च्या एल निन्योच्या वर्षात इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. तिथल्या दलदली जंगलातल्या झाडांना आगीची सवयच नाही. एका वणव्यानंतर काही खोडांना फुटवे येतात. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर नेचे आणि लव्हाळीच उरतात. जळून खचलेल्या जमिनीवर पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि रोपं बुडून मरतात. उन्हाळ्यात तेच नेचे वाळून पुढच्या आगीचं सरपण होतात.

"झाडं कार्बन पुन्हा शोषून घेतातच" असंही तुम्ही म्हणता. नवी झाडंझुडपं जे शोषतात ते व्याज, आणि जळलेलं पीट हे मुद्दल. पीट वर्षाला साधारण 1 मिलिमीटर साठतं, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. 10 सेंटिमीटर जळालं तर हिशेब तुम्हीच करा. माझ्या लेखातली "शतकं" तिथून आली आहेत.

"मग काय हातावर हात धरून बसायचं?" असं तुम्ही शेवटी विचारलंत. अजिबात नाही. आधी चर आणि कालवे बुजवायचे, पाण्याची पातळी पृष्ठभागाजवळ आणायची. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लीक्लोवर उघड्या पीटमध्ये आम्लता इतकी होती की आधी चुना आणि खत टाकून तात्पुरतं गवत उगवावं लागलं. त्याच्या आधाराने हेदर रुजलं आणि स्फॅग्नमची लागवड त्यानंतर झाली. या कामाला वर्षानुवर्षं लागतात, पैसाही लागतो, पण ते होतं.

तुम्ही दुवा दिलेल्या चित्रांमधली जागा ओली आहे की चर खणलेली, याची माहिती मिळाली तर जरूर कळवा. नुसत्या चित्रांवरून मला ते ठरवता आलं नाही.