मागून ठकठक येऊन राह्यली

डिझेलच्या गाडीचा मोठेपणा ती विकल्यावर कळतो. सैल बुश (सांध्यातली रबरी कडी), हलणारा पत्रा, ढिला नट, सगळं ती स्वतःच्या धडधडीत पोटात घालायची. विजेच्या डिलिव्हरी व्हॅनला तेवढा मनाचा मोठेपणा नाही. मोटार गप्प असते, त्यामुळे मागे एखादं पार्सल सरकलं तरी पुढे ऐकू येतं. मग ड्रायव्हर नागपुरात वाडीच्या गोदामातून माल भरतो, इतवारीच्या गल्ल्यांत रिकामा करतो आणि गॅरेजच्या दारात गाडी आडवी लावून म्हणतो, "भाऊ, मागून ठकठक येऊन राह्यली."

या वाक्यावर आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे शॉकअप बदलणे. ठकठक तशीच राहिली की बेअरिंग. तरीही राहिली की "गाडी जरा हळू चालवत जा ना बाप्पा." जम्पिंग रॉडवर संशय सगळ्यांत शेवटी जातो, कारण तो दिसतोच निर्दोष. वाकवलेली एक पोलादी सळई. तिच्यात ना तेल, ना वायर, ना सेन्सर. कागदोपत्री हाच अँटी-रोल बार. मधला भाग दोन रबरी बुशांतून, वरून क्लॅम्प लावून, चेसिसला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरलेला आणि दोन्ही टोकं एकेका लिंकने, म्हणजे छोट्या दांडीने, चाकांकडे जोडलेली. काही गाड्यांत उलटं असतं, रॉड अ‍ॅक्सलवर आणि लिंक चेसिसला. काम तेच, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकांचं: दोन्ही बाजूंचं जमत असेल तोवर पेपर वाचत बसायचं, बिनसलं की मध्ये पडायचं. दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली तर रॉड बुशांत नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेलं की त्याला पीळ बसतो आणि गाडीचं कलणं आवरतं.

म्हणूनच तपासणीला नागपुरात यंत्र लागत नाही. एक स्पीडब्रेकर अगदी सरळ घ्यायचा, दुसरा तिरपा. सरळ घेताना कर्र-कुर्र झालं तर बुश कोरडे पडलेत. तिरपा घेताना ठक झालं तर लिंकच्या टोकाच्या सांध्यातला बॉल झिजलाय किंवा रॉड क्लॅम्पमध्ये खेळतोय. स्पीडब्रेकर नसेल तर आपले सिमेंटचे रस्ते आहेतच. स्लॅब वर, कडेचे गट्टू (फरशीचे ठोकळे) खाली. समोरून ऑटो आला की डावी चाकं उतरतात, उजवी वरच राहतात. डिलिव्हरीच्या गाडीचा तर दर घरापुढे हाच कार्यक्रम.

खात्री करायची असेल तर दोन्ही लिंका खालून सोडायच्या, वर तारेने घट्ट बांधायच्या आणि रिकामी गाडी गल्लीत हळू फिरवायची. ठकठक गेली, तर चोर सापडला. अशा गाडीत माल भरून उड्डाणपुलाचं वळण घेणाऱ्याला मात्र माझा साष्टांग नमस्कार. बॅटरी तळाशी असल्याने गाडीचं वजन खाली आहे हे खरं, पण छतापर्यंत रचलेल्या खोक्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

आता अख्खा रॉड कशाला, बुश आणि लिंकवर भागत नाही का? बहुतेक वेळा भागतं, आणि भागत असेल तर भागवावं. पण सिमेंटची बारीक धूळ बुशात शिरली की ती रबर सोडून रॉडलाच घासते. क्लॅम्प काढून त्या जागेवर कापड फिरवलं की एक गुळगुळीत, चमकदार पट्टा दिसतो. नख आडवं ओढलं तर त्याच्या काठाला अडकतं. तिथे जाडी मोजायचा व्हर्नियर लावायचा. एरवी २० मिलिमीटर असलेला रॉड बुशाखाली १९ भरला, तर नवा बुश काही दिवस गप्प बसेल आणि मग मूळ पदावर येईल. दुसरी जागा म्हणजे रॉडचं वळण. खडी लागून रंग उडालेला असतो, त्याखाली गंज, आणि गंजाच्या खड्ड्यातून बारीक तडा. तारेचा ब्रश मारून टॉर्चने पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. तडा दिसला की चर्चा संपली.

पार्टच्या दुकानात चर्चा पुन्हा सुरू होते. "वीसचा कायले, बावीसचा टाका ना भाऊ, मजबूत!" दोनच मिलिमीटर तर जास्त, वाटतंही स्वस्त. पण रॉडचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. २० चा २२ केला की तो सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होतो. मग वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्तीचा भार येतो आणि पावसात गाडीची शेपटी आधी सुटते. मोटार मागच्या चाकांना असेल तर पायाखाली पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतोच. शिवाय कडक रॉडचा ताण लिंका आणि क्लॅम्पवर जातो, आणि रॉड शाबूत राहून ब्रॅकेट उपटतं. होता तेवढ्याच जाडीचा घ्यावा. सोबत दोन बुश, दोन लिंका, क्लॅम्पचे बोल्ट आणि सगळे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) नवे. जुन्या नायलॉकमधलं नायलॉन एकदा कापलं गेलं की त्याची पकड गेली. तो हाताने सहज फिरतो म्हणून पोरांना फार आवडतो, तेवढाच त्याचा गुण.

मे महिन्यात हे काम सकाळी सातला सुरू करावं. पारा ४५ वर गेला की उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही, आणि दुपारी बारानंतर गाडीखाली झोपलेला माणूस काम करतोय की झोपलाय, हे वरून कळत नाही.

आधी विजेचं. चार्जर काढलेला, गाडी बंद, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. ही गाडी आवाज न करता चालू असू शकते. कोणी "एसी लागतो का पाहतो" म्हणून बटण दाबलं तर खाली पडलेल्याला पत्ता लागत नाही. मग १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढायची. एवढं करूनही गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरी पॅकमध्ये व्होल्टेज असतंच, म्हणून त्याच्या नारिंगी केबलला हात नाही. रॉड काढायला ती केबल सोडावी लागणार असेल, तर काम तिथेच थांबवून ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाकडे द्यावं. जॅक कंपनीने खूण केलेल्या जागीच. बॅटरीचा सपाट तळ जॅकला आमंत्रण दिल्यासारखा दिसतो. तिथे लावलेला जॅक म्हणजे व्हॅनमधला सगळ्यांत महाग पार्ट चेपायची सोय.

पुढच्या चाकांना गुटके लावायचे आणि मागच्या दोन्ही बाजू सारख्या उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवायच्या. एकच बाजू उचलणारे शूर लोक आहेत. त्यांच्या गाडीत रॉडला पीळ बसलेला असतो, लिंकचा बोल्ट निघत नाही, आणि निघालाच तर रॉड हिशेब चुकता करायला बोटांवर येतो.

आता लिंकचा नट. अर्ध्या तासाच्या कामाचा अर्धा दिवस होतो तो इथे. पाना लावला की नटाबरोबर आतला बॉलचा स्टडही (ज्यावर नट बसतो तो आटे पाडलेला दांडा) फिरायला लागतो. पोट्टा जोराने फिरवत असतो, चेहऱ्यावर समाधान, आणि नट जागच्या जागी.

"वस्ताद, निंघून राह्यला!"

"निंघून नाही बे, फिरून राह्यला. एलन की लाव मधात."

स्टडच्या टोकाला एलन कीचं, म्हणजे षटकोनी चावीचं, भोक असतं, किंवा मागे चपटी जागा. ती धरून बाहेरून रिंग पाना. भोकात माती गच्च असते. ती आधी खिळ्याने कोरायची, नाहीतर एलन की वरवर बसते आणि भोक गोल करून टाकते. आदल्या संध्याकाळी गंजाचा स्प्रे मारून ठेवला असेल तर देव पावतो. नाहीच निघाला तर कटर, तोही ठिणग्या केबल आणि ब्रेकच्या पाइपकडे जाणार नाहीत असा आडोसा धरून. गॅसची ज्योत मात्र या गाडीखाली अजिबात नको. डिझेलच्या जमान्यातले जुने मिस्त्री इथे जरा उदास होतात.

पुढचं काम सोपं. क्लॅम्प काढले की रॉड हॅण्डब्रेकची केबल चुकवत, वाकडा-तिकडा करून एका बाजूने बाहेर येतो. आत गेला कसा, असा प्रश्न पडतो. म्हणून काढण्याआधी फोटो काढावा. नवा घालताना डावं-उजवं पाहायचं आणि दोन्ही टोकं सारखी बाहेर आलीत का ते मोजायचं. बुशाची चीर जुन्या बुशाची होती त्याच बाजूला. आणि ग्रीसचा डबा पोरापासून लांब ठेवायचा. साधं ग्रीस रबराला फुगवतं. बुश सरकत नसेल तर साबणाचं पाणी पुरे, पॉलियुरेथेनचा असेल तर सिलिकॉन ग्रीस.

सगळे नट आधी हातानेच. रबरी डोळ्याच्या (टोकाला बॉलऐवजी रबरी बुश असलेल्या) लिंका आणि क्लॅम्प यांची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. तीही टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. "मनगटाला कळते" म्हणणाऱ्यांचं मनगट सकाळी एक सांगतं आणि जेवणानंतर दुसरं. शेवटी ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि नारिंगी केबल रॉडला कुठे घासत नाहीत ना, हे पाहायचं. आठवडाभर गाडी धावली की पुन्हा एकदा नट तपासायचे.

यापुढचा अडथळा यांत्रिक नाही. जुना रॉड ड्रायव्हर सेठला दाखवायला नेतो. सेठ तो हातात धरून उलटासुलटा करतात आणि फोन करतात, "अहो, हा तर ठणठणीत दिसून राह्यला! काहून बदलवला?" एक मिलिमीटरची झीज फोनवर समजावता येत नाही. म्हणून रॉड देतानाच झिजलेल्या जागी खडूने गोल करावे आणि व्हर्नियर लावलेला फोटो ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवावा. तडा असेल तर सेठचा प्रश्न बदलतो, "यालेच वेल्डिंग मारलं असतं तर?" रॉड स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, उष्णतेची प्रक्रिया करून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. वेल्डिंगने शेजारची जागा ठिसूळ होते आणि पुढच्या खेपेला रॉड जोडाच्या बाजूलाच तुटतो. हे सगळं ऐकून घेतल्यावर सेठ विचारतात, "मग बावीसचा काहून नाही टाकला?"