जलशाच्या पत्रिका म्हणजे रद्दी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जलशांच्या पत्रिका जमवण्याच्या माझ्या छंदावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गाणं ऐकायचं असतं, जुन्या जलशांच्या पत्रिका नि हँडबिलं जमवून काय मिळतं, त्यात साधा राग पण छापलेला नसतो आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहेतच, ठेवायच्याच तर स्कॅन करून सगळ्यांना द्या, म्हणून वडिलांच्या ट्रंकेतला गठ्ठा तुम्ही रद्दीत देणार आहात.

राग छापलेला नसतो हे अगदी खरं. आपल्याकडे गवई तंबोरे लागल्यावर ठरवतो काय गायचं ते. पण रेकॉर्डिंगचं पटत नाही. १९०२ मध्ये आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं तरी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात सावकाश फुलवत गायचा ख्याल कसा मावणार? त्या काळात दोन-दोन तास रंगलेल्या गाण्याचा मागे उरलेला पुरावा म्हणजे कितीदा तरी हा एवढासा पिवळा कागदच असतो. आणि त्यावर छापलेले तिकिटाचे दर ही काही किरकोळ गोष्ट नाही हो! आधी गाणं दरबारात नाहीतर वाड्यातल्या बैठकीत, तेही आमंत्रण असेल तर. विष्णु दिगंबर पलुस्कर, अब्दुल करीम खाँ या गवयांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, पुढे हिराबाई बडोदेकर तशा जलशात गायल्या, आणि तिकीट काढेल तो रसिक समोर बसायला लागला. हँडबिलावर स्त्रियांची बसायची सोय वेगळी असल्याची एक ओळ असते ना, ती वाचताना मला अख्खं थिएटर दिसतं.

माझ्याकडे सवाईची, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची, एक जुनी पत्रिका आहे, जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली, कसल्यातरी पावत्यांच्या गठ्ठ्यात होती. पिन गंजून मधोमध तांबूस डाग पडलाय. मागच्या पानावर जाहिरातीच्या कडेच्या कोऱ्या जागेत कुणीतरी बारीक पेन्सिलीने गायलेले राग लिहिलेत, मारुबिहाग, मग अडाणा, मग ४.५० ललत, आणि ललतखाली दोन रेघा, इतक्या दाबून की कागद पलीकडून उठलाय. १९५३ ला सुरू झालेला हा महोत्सव रात्रभर चालायचा, आता बहुतेक दिवशी रात्री दहाला माइक बंद, त्यामुळे मंडपात बसून पहाटे पाचला दहा कमी असताना ललत ऐकणं कसं होतं हे मला त्या दोन रेघांवरनंच कळतं.

स्कॅन करून सगळ्यांना द्या म्हणालात ते शंभर टक्के मान्य, काम सुरू केलंय, मागच्या पानांसकट. फक्त तुमच्या गठ्ठ्यातलं काही लॅमिनेट करू नका, ते परत निघत नाही, नि सेलोटेप तर अजिबात नको. मला द्या असं म्हणत नाहीये. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा ट्रंक उघडा आणि प्रत्येक पत्रिकेची मागची बाजू उजेडात तिरकी धरून बघा. वडिलांचं अक्षर तुम्ही लगेच ओळखाल.