एसी निघाला, भोकं राहिली

ज्या माणसाने आमच्या जुन्या पद्मिनी गाडीला एसी बसवला, त्याने पत्रा छन्नीने कापलाय. माप घेऊन ड्रिल मारलेलं नाही, कडा घासलेल्या नाहीत. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात पाईप आत न्यायला अंगठ्याएवढी दोन भोकं पुरली असती. तिथे त्याने माझी मूठ आरपार जाईल एवढं खिंडार पाडलं आणि वरून डांबरासारखा काळा लगदा थापून दिला. इतकी वर्षं ते कुणाच्या नजरेस पडलं नाही. गेल्या महिन्यात कूलिंग कॉइलचा डबा डॅशबोर्डखालून उतरवला तेव्हा दिसलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

गाडी १९७४ची. पद्मिनी हे नाव तिला त्याच सुमारास मिळालं, त्याआधी ती प्रेसिडेंट होती, आणि आमच्या फोंड्यात सगळे तिला आजही फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. गोवा-दमण-दीवच्या काळातला जीडीने सुरू होणारा नंबर, गोवा राज्य व्हायच्या तेरा वर्षं आधीचा. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान डिकीत भरून आम्ही हिच्यातूनच डिचोलीच्या घरी जायचो. नव्वदच्या दशकात आईला उकाडा सोसेना म्हणून बाबांनी एसी बसवून घेतला. यात बाबांची काही चूक नाही. त्यांनी मागितले तेवढे पैसे मोजले, विश्वासाने चावी दिली, संध्याकाळी गार हवा आली, आई हसली. डॅशबोर्डखाली आडवं होऊन टॉर्च मारून बघणं त्यांचं काम नव्हतं. ज्याने पैसे घेतले त्याचं ते काम होतं.

आणि एक भोक असतं तर गिळलं असतं. डबा टांगायला डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्याला चार भोकं, त्यातली दोन चुकली म्हणून शेजारी आणखी दोन. पायाशी सामान ठेवायची फळी अर्धी कापून फेकलेली. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बसेना म्हणून रेडिएटरसमोरचा आधाराचा पत्रा वाकवून चेपलेला. ब्लोअरची, म्हणजे एसीच्या पंख्याची, वायर थेट बॅटरीवरून घेतलेली, मध्ये फ्यूज नाही, सांधे नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेली. ती टेप उन्हाने वितळून चिकट झाली होती आणि आत तांबं हिरवं पडलं होतं. ही गाडी एखाद्या दिवशी पेटली असती. आई मागे बसलेली असताना पेटली असती.

सगळ्यात जास्त चीड येते ती पाण्याची. एसी चालू असला की कूलिंग कॉइलवर हवेतलं बाष्प गार होऊन त्याचं पाणी होतं आणि गळतं. आपल्या खाऱ्या दमट हवेत तर धारच लागते. ते पाणी बाहेर सोडायला एक साधी रबरी नळी लागते, जमिनीच्या दिशेने उतार देऊन. त्या माणसाने नळी लावली, पण तिचं तोंड मॅटच्या खालीच सोडून दिलं. बाहेर काढलंच नाही! वर्षानुवर्षं ते पाणी रबरी मॅटखालच्या तागाच्या थरात मुरत राहिलं. मॅट उचलली तेव्हा ताग हातात चिखलासारखा आला आणि डाव्या बाजूचा फ्लोअर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पापडासारखा फुटला. बाहेर जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस खाऊन जी गाडी टिकली, ती आतून सडली. दोन रुपयांच्या नळीपायी.

आता एसी काढायचं ऐकलं की येणारा-जाणारा मला अक्कल शिकवतो. गोव्याच्या उकाड्यात असलेला एसी कुणी काढतं का, म्हणे. अरे, १०८९ सीसीचं इंजिन ते, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. त्यातून एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, ओढायचा म्हणजे चढावर गाडीचा जीवच निघतो. वर रेडिएटरच्या पुढ्यात कंडेन्सर, म्हणजे समोरून येणारा वारा आधी तिथे तापून मग रेडिएटरवर जाणार. अनमोड घाटात दर खेपेला पाणी उकळायचं. बोनेट उघडून बाबा रस्त्याकडेला उभे, हातात ओला फडका, हे दृश्य मी लहानपणापासून नाही, एसी बसल्यापासून बघितलंय. दोनदा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या माथ्याखालचं पॅकिंग, गेलं. त्याआधी हीच गाडी बेळगावला न थांबता जायची. दाराच्या कोपऱ्यातली त्रिकोणी काच उलटी फिरवली की वारा सरळ तोंडावर यायचा. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी हवेचा विचार केला होता. म्हणून मला ती होती तशी परत हवी आहे.

तर काढायला माणूस बोलावला. फोनवर दोनदा सांगितलं होतं की यात हवा गार करणारा जुना आर-१२ गॅस असू शकतो, ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचं मशीन घेऊन या. ‘हो हो सर’ म्हणाला. आला तो नट खोलायचे दोन पाने आणि एक ब्लो लॅम्प घेऊन. मी आतून पाणी आणेपर्यंत याने कॉम्प्रेसरचा नट सैल केलेला. फस्सकन गॅस अंगणात, आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल उडून माझ्या नव्या प्रायमरवर. चार दिवस घासून मारलेला प्रायमर! मी ओरडलो तर म्हणतो, ‘कांय जायना रे, मात्सोच गॅस.’ म्हणजे काही होत नाही, थोडासाच तर गॅस. काय जायना? हा ओझोनचा थर खाणारा गॅस आहे. १९८७ साली जगभरच्या देशांनी मॉन्ट्रियलला करार केला तो याच गॅसच्या जातीसाठी. पण एवढं कशाला, स्वतःच्या जिवाची तरी काळजी असावी. नट निघेना म्हणून त्या गॅसच्या धारेशेजारी हा ब्लो लॅम्प पेटवायला निघाला होता. आर-१२ ज्वाळेत जळला की त्यातून विषारी वायू निघतात, फॉस्जीनसुद्धा निघू शकतो. एसीच्या धंद्यातल्या माणसाला हे मी सांगायचं?

लॅम्प हातातून काढून घेतला म्हणून रागाने त्याने कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर पाईप घालून जोर मारला. बोल्ट तुटला. अर्धा बाहेर, अर्धा इंजिनच्या ब्लॉकमध्ये. मी त्यावर दोन दिवस डिझेल सोडून ठेवलं होतं, आणखी दोन दिवस सोडलं असतं, थोडं तापवून-थोडं ठोकून हलवलं असतं. गाडी पन्नास वर्षं थांबली आहे, तुला दहा मिनिटं थांबवत नव्हतं? तो अर्धा बोल्ट काढायला लेथवाल्याकडे तीन चकरा झाल्या आणि ब्लॉकचे आटे पुन्हा पाडावे लागले.

मी एवढा का चिडतोय तेही सांगतो. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नोंदणीचा नियम आणला. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठी ढवळाढवळ चालत नाही. आमची गाडी आता त्या वयाची झाली. बाबा गेल्यावर एवढी एकच गोष्ट मनात धरली होती की तिची तशी नोंद करायची. आणि आज मी गंजलेल्या फ्लोअरवर बसून, कापलेल्या पत्र्याच्या कडा बोटाने चाचपत, कंपनीचं मूळ भोक कुठलं आणि एसी बसवणाऱ्याचं कुठलं ते शोधतोय. एका भंगारातल्या पद्मिनीचा पुढचा पत्रा मिळालाय. त्याचा तुकडा कापून खिंडार बुजवायचं काम सुरू आहे. पत्र्याचं काम करणारे मेस्त सत्तरीच्या घरातले आहेत. ते खिंडार बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरू का, असं न विचारता त्यांनी थेट कागदावर माप काढलं. त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदा खाली आला.

एक गोष्ट मात्र अजून मिळत नाही. ब्लोअरला वीज पुरेना म्हणून त्या वेळी गाडीचा वीज बनवणारा मूळ डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर लावला होता. डायनॅमो बाबांना परत दिला नाही, त्याचा ब्रॅकेटही नाही. कोणाची वस्तू कोणी भंगारात विकली! म्हापसा, मडगाव, वास्को, सगळीकडे विचारून झालं. कुणाच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, गोठ्यात जुन्या पद्मिनीचा डायनॅमो ब्रॅकेटसकट पडलेला असेल तर मला सांगा. गंजलेला असला तरी चालेल. भंगारवाल्याला देऊ नका, मी येऊन घेऊन जाईन.