ती फाईल कोणी केली, ते आधी विचारा

लहान मुलांना घेऊन परदेशात जाऊन आलेल्या बाईला ‘काय मजा आहे बाई तुझी’ असं म्हणायचं बंद करा. खरंच बंद करा. आल्यापासून हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलंय, भाजीच्या गाडीपाशी ऐकलंय, नणंदेच्या फोनवर ऐकलंय, स्कूलबसची वाट बघताना ऐकलंय, आणि आता माझं डोकं फिरलंय. नवऱ्याला मात्र सगळे म्हणतात, ‘मानलं बुवा तुला, दोन लहान पोरांना घेऊन युरोप केलास!’ केलास? त्यानं केला? तिकिटं त्याच्या कार्डावर काढली, एवढं खरं. त्यातले अर्धे पैसेही माझे आहेत, कारण मीही रोज नोकरीला जाते. बाकी सगळं कोणी केलं हे विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

म्हणून मीच सांगते. ट्रिप मे महिन्यात होती आणि माझी सुरू झाली जानेवारीत.

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची फाईल काय असते, हे ज्यानं कधी केली नाही त्याला कळणार नाही. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज. चार वर्षांच्या पोराचासुद्धा. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी नाही, सहा ते अकरा वर्षांच्यांना ४५ युरो, मोठ्यांना ९०. फी माफ आहे म्हणून काही पोराचे कागद कमी होत नाहीत. त्याचा जन्मदाखला, त्याचा विमा, त्याचा फोटो, त्याच्या अर्जावर आईबापांच्या सह्या, सगळं हवंच. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. बँकेची स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचे रिटर्न, दोघांच्या ऑफिसची रजेची पत्रं, हॉटेलची बुकिंग, कुठल्या दिवशी कुठल्या गावात झोपणार त्याचा तक्ता. आम्ही ऐन सुट्टीत जात होतो, तरी लेकीच्या शाळेचं पत्र पाहिजे. शाळेच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, सही करणाऱ्या मॅडम रजेवर आहेत, शनिवारी या. शनिवारी गेले तर पत्रात जन्मतारीखच चुकलेली. पुन्हा या. या प्रत्येक ‘पुन्हा या’साठी मी माझ्या ऑफिसातून हाफ डे टाकलाय. नवऱ्याच्या रजा मात्र फिरायला शिल्लक राहिल्या.

आणि तो फोटो! ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं, सहा महिन्यांपेक्षा जुना नको, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, नजर समोर. चार वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा एकदा. कर्वे रोडवरच्या स्टुडिओत मी स्टुलामागे वाकून त्याची मान सरळ धरते, फोटोवाला म्हणतो, ‘मॅडम, तुमचा हात येतोय.’ हात काढला की मान वाकडी. मागे रांगेतला एक माणूस घड्याळ बघून ‘च्यक’ करतो. आणि त्याच वेळी नवऱ्याचा मेसेज: झालं का?

झालं का. हा प्रश्न मी या वर्षात इतक्या वेळा ऐकलाय की तो शब्द फोनवर दिसला तरी अंगाची आग होते. काम करणारा माणूस ‘झालं का’ विचारत नाही, तो ‘राहिलेलं मी करू का’ असं विचारतो.

व्हिसा केंद्रात नवरा आला. यायलाच लागतं, मोठ्यांच्या बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. तो आला, ठसे दिले, मी बोट ठेवलं तिथे सही केली आणि मीटिंग आहे म्हणून गाडी घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलीनं प्रत्येक प्रश्न मला विचारला. मुलीचं रिटर्न तिकीट कुठंय मॅडम, मुलाचा जन्मदाखला कुठंय मॅडम. बाप शेजारीच बसला होता तेव्हासुद्धा मॅडमच! पोरगं तहानलेलं आणि दारावरच्या गार्डनं पाण्याची बाटली बाहेरच ठेवायला लावलेली. एवढी मुलं रोज तिथे येतात, प्यायला एक पाण्याचा माठ ठेवायला काय जातं यांचं?

मधे नणंद म्हणाली, ‘एवढा त्रास होतो तर तू एकटीच मुलांना घेऊन जा ना कुठेतरी, जवळ.’ म्हणजे आणखी एक कागद. एकाच पालकाबरोबर मूल जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र बऱ्याच ठिकाणी मागतात, तेही नोटरी करून. नियम बापालाही तोच आहे, माझी त्याला हरकत नाही, मुलांच्या भल्यासाठीच आहे तो. पण आमच्या ओळखीत एकटा बाप दोन मुलांना घेऊन परदेशात गेलाय, असं एक तरी उदाहरण दाखवा. ‘एकटी जा’ हे फक्त आईलाच सुचवलं जातं.

मग सामान. सासूबाईंनी साजूक तुपाची बरणी काढून ठेवली. मी म्हटलं, ‘आई, तूप नेता येत नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, फक्त तान्ह्या बाळाच्या दुधाची पावडर चालते, तीसुद्धा मर्यादेत.’ तर म्हणाल्या, ‘अगं, पोरांनी काय कोरडा भात खायचा? एवढीशी बरणी कोण बघतंय!’ नवरा तिथेच होता. त्यानं आईला एक शब्द सांगितला असता तर संपलं असतं. तो म्हणाला, ‘तुम्ही दोघी ठरवा काय ते.’ मग काय, नातवंडांच्या तोंडचं तूप काढणारी सून मी झाले. नियम युरोपचा, आई त्याची, आणि अबोला माझ्याशी, पार निघायच्या दिवसापर्यंत.

मेतकूट, भाजणी, उपम्याची पाकिटं, छोटा कुकर, लेकीला लागतो तोच बिस्किटाचा पुडा, पोराची चादर जिच्याशिवाय तो झोपत नाही, तापाचं औषध, ते मोजायची पिचकारी, उलटीचं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी, दोघांचे गरम कपडे, घाटात ओकले तर लगेच बदलायचा एक जोड वरच्या कप्प्यात. ही यादी कुठे लिहिलेली नव्हती, माझ्या डोक्यात होती. ऑफिसात टीमच्या कॉलवर बोलत असतानाही ती डोक्यात चालूच होती. नवऱ्यानं निघायच्या संध्याकाळी त्याची स्वतःची बॅग भरली आणि म्हणाला, ‘माझं तर झटकन झालं, तुलाच का एवढा वेळ लागतो?’

पुण्यातून थेट कुठे जायची सोय फारशी नाही, मोजकी दोन-चार शहरं सोडली तर मुंबईच गाठायची. विमान पहाटेचं, तीन तास आधी पोचायचं, म्हणजे पुण्यातून आदल्या संध्याकाळी निघायचं. चांदणी चौकातून वाकडपर्यंतच जीव मेटाकुटीला. बोरघाटात ट्रकांची रांग. पोरगं ओकलंच. वरच्या कप्प्यातला जोड मी काढला, अंधारात, चालत्या गाडीत, कारण थांबायला जागा नव्हती. नवरा पुढे बसला होता, ड्रायव्हरशी घाटाच्या ट्रॅफिकवर बोलत.

पुढे विमानतळावर वेगळाच तमाशा. चेक-इन करताना बघते तर चौघं चार ठिकाणी. शेजारच्या सीट हव्या तर पैसे भरा. अरे, चार वर्षांचं मूल आहे ते! बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, निदान एका पालकाशेजारी सीट द्यायची, असं डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्यानं, एप्रिल २०२४ मध्ये आपल्या विमान कंपन्यांना बजावलंय. मी ते काउंटरवर सांगितलं. तिथला माणूस मला वर ‘प्लीज शांत राहा’ म्हणतो, आणि मग उपकार केल्यासारखी सीट देतो. आमच्या हक्काची सीट! आणि नवरा मागून हळूच, ‘जाऊ दे ना, कशाला भांडतेस.’ भांडले म्हणून पोरगं माझ्याजवळ बसलं. नवऱ्याची सीट मागेच राहिली, तिथे तो सलग झोपला.

विमान उतरताना पोरगं रडायला लागलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं, मराठीच होत्या. म्हणाल्या, ‘एवढ्या लहान मुलांना कशाला आणतात, त्यांना काय कळतं?’ बाई, कानात दडे बसतात लहान मुलांच्या. कान आणि घसा जोडणारी नळी त्यांची अरुंद असते, हवेचा दाब बदलला की दुखतं. गिळायला लावलं की बरं वाटतं, म्हणून मी त्याच्या तोंडाशी पाण्याची बाटली धरून बसले होते. माझे हात अवघडले होते. तुम्हाला त्रास झाला पंधरा मिनिटं, ठीक आहे. पण मुलांना काय कळतं, हे तुम्ही मला सांगू नका.

कळतं त्यांना. माझी आठ वर्षांची लेक पॅरिसमध्ये तिसऱ्या दिवशी एकटी बेकरीच्या काउंटरवर गेली, ‘बोंजूर’ म्हणाली, बोटानं पाव दाखवला, सुट्टे पैसे मोजून घेतले आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा मी बघितलाय. मेट्रोतल्या स्टेशनांची नावं ती मोठ्यानं वाचत होती. धाकट्याला दुसऱ्या देशातली मुलंही घसरगुंडीवर ढकलाढकली करतात, याचं केवढं आश्चर्य! यासाठीच तर मी ती फाईल केली. माझ्या मुलांनी जग बघावं असं मला फार मनापासून वाटतं. म्हणूनच राग येतो की हे इतकं चांगलं काम एकटीच्या पाठीवर टाकून सगळे मोकळे होतात.

पॅरिसची मेट्रो काय, जुनी. सगळी स्टेशनं पायऱ्यांशिवाय जाता येतील अशी १४ नंबरची एकच लाइन आहे, बाकी बहुतेक ठिकाणी जिने. झोपलेलं पोर, बाबागाडी आणि जिना. उचला. तिथली अनोळखी माणसं येऊन गाडीचं पुढचं चाक धरायची, न सांगता. आमचे हे वर पोचून नकाशा बघत असायचे.

वेळेचा फरक साडेतीन तासांचा. पुण्यात साडेसहाला शाळेसाठी उठायची सवय, म्हणजे तिथे पहाटे तीनला दोघंही टक्क जागी. तीन वाजता हॉटेलच्या खोलीत कुजबुजत गोष्टी कोणी सांगितल्या? ‘तुला ड्राइव्ह करायचंय का उद्या?’ असं मी नवऱ्याला विचारलं, कारण गाडी आम्ही घेतलीच नव्हती. तरी झोप त्यालाच हवी होती. आणि मग एका रात्री धाकट्याला ताप भरला. नवरा उठला, हे मी नाकारत नाही. उठला आणि विचारलं, ‘औषध कुठंय?’ निळ्या पाउचमध्ये. ‘पाउच कुठंय?’ लाल बॅगेत. ‘लाल बॅग कुठली?’ ‘किती द्यायचं?’ शेवटी मीच उठले. स्वतःच्या मुलाचं वजन बापाला माहीत नसतं, औषध वजनावर मोजतात हे माहीत नसतं, ते पाउच मी निघायच्या आदल्या दिवशी त्याला दाखवलं होतं हेही आठवत नाही. ऑफिसातल्या क्लायंटच्या तारखा मात्र तोंडपाठ!

हे माझ्याच घरात आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलंय: घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष असं काम करतात त्यांच्यातलीच सरासरी आहे, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. नवऱ्याला आकडे दाखवले तर म्हणाला, ‘मी तर बराच करतो गं.’ बराच म्हणजे कोणापेक्षा? त्याच्या वडिलांपेक्षा? मी माझ्यापेक्षा किती ते विचारतेय.

परत आलो तर बॅगांमधले कपडे, पोरांची उलटी झोप, सोमवारी माझं ऑफिस, आणि दारात ‘काय मजा आहे बाई तुझी’. सासूबाईंनी पहिलं विचारलं, ‘पोरं वाळली का गं?’

आता लेकीचा पासपोर्ट संपत आलाय. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, आणि कित्येक देशांना हातात सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे खरा उपयोग साडेचार वर्षांचाच. काल मी तिची फाईल नवऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवली. तो म्हणाला, ‘यात काय काय लागतं गं?’ मी सांगितलं, पासपोर्ट सेवेच्या साइटवर सगळं लिहिलंय, वाच. फोटो तू काढून आण, दोघांच्या सह्यांचा फॉर्म कुठला ते तू शोध, मी सही करीन. आणि मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट तुझी रजा टाकून घे, माझी नाही.