पाणी आलं, की येत होतं?

स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर आमटीच्या पातेल्यात पडलं, त्याचं काही नाही. विमा आहे. राग आलाय तो कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या लॉस अ‍ॅडजस्टरचा. की सासूबाईंचा, हे अजून ठरत नाहीये.

गृहस्थ आपल्याकडचेच, इथे लंडनच्या हॅरोत वाढलेले, हिंदी समजणारे. वरच्या शॉवरच्या कडेचं सिलिकॉन त्यांनी अंगठ्याने दाबलं आणि स्थळ नाकारायला आल्यासारखा चेहरा केला. खाली येऊन विचारलं, "पाणी एकदम आलं, की हळूहळू येत होतं?"

मी "एकदम!" म्हणेस्तोवर सांगलीहून आलेल्या सासूबाई सरसावल्या. घरात पाहुणा, त्यात हिंदी कळणारा!

"हम गणपती के बाद आया ना, तब ये डाग इतुसा था. टिकली जैसा. अब देखो कैसा बाळसं धर्‍या है!"

"आई, चहा टाकता?"

"मैंने बहू को बोला भी, पुसून घे. वो बोली, पुसके जाता नहीं."

"दिवाली के टाइम?" गृहस्थ लिहिता लिहिता म्हणाले.

"वसुबारस को!"

तिथीनिशी साक्ष! वर चकल्या. त्यांनी चार खाल्ल्या.

पॉलिसीत पाइप फुटला तर पैसे आहेत. सावकाश होणारं नुकसान आणि सिलिकॉन किंवा टाइल्सच्या फटीतलं ग्राउट खराब होऊन झिरपलेलं पाणी वगळलेलं. विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या इथल्या फायनॅन्शियल ओम्बड्समनचं साधारण मत असं, की गळती ग्राहकाला कळणं शक्यच नव्हतं तर 'हळूहळू'चं निमित्त करून हात झटकणं बरं नव्हे. आम्हाला कळणं शक्य होतं. वसुबारसेपासून.

आणि दावा मान्य होऊन तरी काय? पाणीगळतीचा सक्तीचा एक्सेस, म्हणजे नुकसानातला आपण सोसायचा वाटा, 350 पौंड. त्यावर ऐच्छिक 250. ही 'इच्छा' माझ्या नवऱ्याची. वेबसाइटवरची पट्टी सरकवून हप्ता कमी केला म्हणून आठवडाभर मिरवत होता. पहिले 600 आमचे. प्लास्टरवाल्याने सांगितले 580. म्हणजे पाणी एकदम येवो की हप्त्याहप्त्याने, कंपनीचा एक पेनी सुटणार नव्हता. मग माणूस पाठवलाच कशाला? चकल्या खायला?

नवरा म्हणतो, तक्रार करू. कंपनीला अंतिम उत्तर द्यायला 8 आठवडे. आणि पुढल्या खेपेला विम्याच्या फॉर्मवर 'गेल्या 5 वर्षांत काही नुकसान किंवा दावा?' विचारलं की मुकाट 'हो' लिहायचं. हातात छदाम पडला नसला तरी.