पोस्टरसमोर कोण थांबतं?

संशोधन परिषदेतलं पोस्टर, म्हणजे आपलं काम मांडणारा मोठा छापील फलक, ज्याच्याशेजारी उभं राहून संशोधक प्रश्नांना उत्तरं देतो, ते कसं असावं, यावरून माझ्या महाराष्ट्रातल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींमध्ये सध्या चांगलीच खडाजंगी चालू आहे. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पोस्टर ही मुळातच दुय्यम गोष्ट. ज्याला व्याख्यानाची वेळ मिळाली नाही त्याची ती सोय, तेव्हा रंग, अक्षरं आणि मांडणी यांच्यावर आठवडा घालवणं म्हणजे संशोधन सोडून सजावट करणं. तरुण मंडळी म्हणतात, परदेशात बघा, मधोमध एक ठळक वाक्य आणि कोपऱ्यात क्यूआर कोड टाकला की पोस्टर तयार. आपण मात्र अजून अख्खा शोधनिबंध फ्लेक्सवर उतरवतोय. मी बरीच वर्षं जर्मनीत संशोधन करते, दर वर्षी पोस्टरं करते आणि विद्यार्थ्यांकडून करून घेते. मला या दोन्ही बाजू पटत नाहीत.

'दुय्यम'चा मुद्दा आधी घेते. त्यात इतिहासापुरतं तथ्य आहे. युरोपीय जैवरसायनशास्त्र संस्थांच्या महासंघाने १९६९ साली माद्रिदच्या परिषदेत पोस्टर-सत्र घेतलं. अमेरिकेत १९७४ साली मिनियापोलिसच्या जैवरसायन आणि जैवभौतिकीच्या परिषदेत ते मोठ्या प्रमाणावर झालं. सांगणारे खूप आणि सभागृहं मोजकी, अशी अडचण होती, म्हणजे सुरुवात सोयीपोटीच झाली. पण त्यातून जे मिळालं ते व्याख्यानात मिळत नाही. व्याख्यानाला दहा-बारा मिनिटं मिळतात, शेवटी दोन प्रश्न, आणि तेही बहुधा पहिल्या रांगेतल्यांचे. पोस्टरसमोर जो थांबतो तो स्वतःच्या पायाने आलेला असतो. तो 'हा बिंदू बाकीच्यांपासून इतका लांब का?' असं आलेखावर बोट ठेवून विचारतो. त्याला उत्तर द्यायला वेळ असतो, आणि उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून डोकं खाजवायलाही वेळ असतो. माझ्या ओळखीतली कित्येक सहकार्यं अशी एखाद्या आलेखासमोर उभ्याउभ्या सुरू झालेली आहेत.

म्हणून मांडणी ही सजावट नव्हे. गर्दीत चालणाऱ्या माणसाने थांबायचं की नाही, हे ती ठरवते.

आपल्याकडची पोस्टरं मजकुराने गच्च का असतात? विद्यार्थ्यांना समज नाही असं म्हणून हात झटकले जातात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. परीक्षकाच्या हातातला गुणांचा तक्ता बघा. प्रस्तावना, उद्दिष्टं, साहित्य व पद्धती, निरीक्षणं, निष्कर्ष, संदर्भ, आणि प्रत्येकासमोर गुणांचा रकाना. विद्यार्थी तक्ता वाचतो आणि प्रत्येक रकान्यासाठी एक परिच्छेद लिहितो. संदर्भांची यादी कापली तर गुण जातील, या भीतीने ती पूर्ण छापतो. वर संस्था, विद्यापीठ आणि प्रायोजक यांच्या बोधचिन्हांची पट्टी येते, मार्गदर्शकांचं नाव ठळक येतं, आणि खरा निकाल उजवीकडे तळाशी, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी जाऊन बसतो. त्या मुलाने त्याला जे मागितलं तेच दिलेलं असतं.

माझ्याकडे तिकडून मसुदे तपासायला येतात, तेव्हा मी शीर्षकापासून सुरुवात करते. समजा शीर्षक असं आहे: 'अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा जिवाणूंच्या वाढीवरील परिणाम: एक प्रायोगिक अभ्यास'. यात परिणाम झाला की नाही, कुठल्या दिशेने झाला, काहीच कळत नाही. मी विचारते, तुला सापडलं काय? विद्यार्थी सांगतो, 'अर्काने वाढ थांबते, पण माध्यम आम्लधर्मी असेल तरच.' मग तेच शीर्षक कर: 'या पानांचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो, पण फक्त आम्लधर्मी माध्यमात'. वाक्यात क्रियापद आलं की पोस्टरला कणा येतो. या वाक्याला पुरावा देणारा आलेख कुठला, हे मग आपोआप ठरतं. तो मोठा होऊन डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि बाकीचं त्याच्याभोवती जागा शोधतं. ज्यांना एवढं एक वाक्य सांगता येत नाही, त्यांचं काम अजून पोस्टरच्या टप्प्यावर आलेलं नाही असं मी सरळ सांगते. ते ऐकून राग येतो, पण आठवड्याभरात बहुतेकांना वाक्य सापडतं.

आता तो आलेख. मसुद्यात त्याच्या जागी बहुधा बारा ओळी आणि सहा रकान्यांचं कोष्टक असतं, दशांशचिन्हानंतर चार अंकांपर्यंत. उभं राहून कोणी ते वाचत नाही. त्याची दोन रेघांची आकृती केली, एक आम्लधर्मी माध्यमाची आणि एक उदासीन माध्यमाची, तर फरक लांबूनच दिसतो. रेघांची नावं बाजूच्या चौकटीत न देता रेघेच्या टोकाशीच लिहावीत, म्हणजे वाचणाऱ्याची नजर सारखी इकडून तिकडे धावत नाही. मोजमापातली अनिश्चितता दाखवणारे दांडे ठेवावेत आणि ते कशाचे आहेत ते लिहावं, प्रमाण विचलनाचे (नोंदी किती पसरल्या आहेत) की प्रमाण त्रुटीचे (सरासरी किती पक्की आहे). ही एक ओळ नसली की जाणता माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. त्रिमितीय खांब मात्र काढून टाकावेत, त्यांची उंची नीट वाचता येत नाही. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना या रंगांत फरक करणं जड जातं, आणि बाकी जगातही असे लोक आहेतच. निळा आणि नारिंगी घेतला की प्रश्न मिटतो. आकड्यांचं कमी-जास्त प्रमाण रंगांनी दाखवणाऱ्या आकृत्यांत इंद्रधनुषी रंगपट्टा मुळात नसलेलाच फरक दाखवतो. आलेख काढण्याच्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७ साली आपोआप लागू होणारा जुना रंगपट्टा बदलून त्याजागी विरिडिस हा रंगपट्टा आणला, त्यामागे हीच कारणं होती.

अक्षरांच्या आकारावर वाद घालण्यापेक्षा एक साधी परीक्षा करावी. ए-शून्य आकाराचं पोस्टर, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, साध्या ए-फोर कागदावर छापलं की लांबी, रुंदी आणि अक्षरांची उंची बरोब्बर एक चतुर्थांश होते. पोस्टरवरचा २४ पॉइंटचा मजकूर त्या कागदावर ६ पॉइंटचा दिसतो. तो कागद हातभर अंतरावर धरून वाचता आला तर दीड-एक मीटरवरून पोस्टरही वाचता येईल. नाही आला, तर मजकूर कमी करा. अक्षर बारीक करून मजकूर वाचवायचा मोह इथेच मोडायचा. आलेखाच्या अक्षांवरची अक्षरं या परीक्षेत हमखास नापास होतात, कारण आकृती दुसरीकडून उचलून आणलेली असते आणि तिच्यातल्या अक्षरांकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

मराठीत पोस्टर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती सापडत नाही. रोमन लिपीसाठी बेतलेल्या साच्यात देवनागरी ओतली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढवावंच लागतं, म्हणजे तेवढ्या जागेत शब्द कमी बसतात, आणि हे आधीच धरून चालावं. अक्षरं युनिकोडमधली घ्यावीत. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता किंवा बालूसारखे टंक (फाँट) मोफत मिळतात आणि मोठ्या आकारात स्वच्छ दिसतात. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेलं पोस्टर छपाईवाल्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा भुगा होतो. म्हणून टंक आत बसवलेली पीडीएफच द्यावी. मराठीत विज्ञान सांगायला जागा नाही अशी तक्रार आपण करतो आणि जिथे ती जागा आहे तिथे अक्षरांची अशी हेळसांड होऊ देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तरुण मंडळींचं म्हणणं. मधोमध ठळक वाक्याची कल्पना २०१९ साली माइक मॉरिसन याने मांडली. तेव्हा तो अमेरिकेत मानसशास्त्रात पीएचडी करत होता. लोक मजकुराच्या भिंतींसमोरून नुसते चालत जातात, हे त्याचं निरीक्षण खरंच होतं. त्यावर त्याने उपाय सुचवला: मध्यभागी सोप्या भाषेत मुख्य निष्कर्ष, दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्यांत तपशील, आणि पूर्ण निबंधाकडे नेणारा क्यूआर कोड. त्याचा व्हिडिओ झपाट्याने पसरला आणि इथे जर्मनीतल्या परिषदांत वर्ष-दोन वर्षांत त्या धाटणीची पोस्टरं दिसू लागली. त्यातली काही उत्तम असतात. पण पुष्कळांत फक्त ते वाक्य असतं. समोर उभं राहून 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' असं विचारलं, तर दाखवायला आलेख नसतो, किंवा पट्टीत काडेपेटीएवढा असतो. निष्कर्ष वाचून मान डोलवता येते, पण तो तपासता येत नाही. विज्ञानात मला हे पोकळ वाटतं. क्यूआर कोड स्कॅन करून घरी जाऊन वाचू असं म्हणणारे फार थोडे खरोखर वाचतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून तो साचा जसाच्या तसा उचलू नका. त्यातलं वाक्य घ्या आणि त्याच्या खाली पुरावा ठेवा, वाक्यापेक्षा मोठा.

परदेशातलं सगळंच अनुकरणीय आहे अशी समजूत आपल्याकडे आहे, आणि मला वाटतं या वादातला सर्वांत मोठा घोळ तिथेच होतो. व्हिएन्नात दर वर्षी युरोपीय भूविज्ञान संघाची परिषद भरते. तिथे हजारो सादरीकरणं असतात, पोस्टरांच्या रांगा संपता संपत नाहीत. अशा ठिकाणी ज्याचा मार्गदर्शक नावाजलेला, त्याच्यासमोर घोळका असतो. नवखी विद्यार्थिनी दोन तास उभी राहते, लोक तिच्या गळ्यातलं नाव वाचतात आणि पुढे जातात. छान मांडणी तिला थोडी मदत करते, पण पूर्ण नाही. आपल्याकडे आविष्कारसारख्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत किंवा महाविद्यालयीन परिषदांत परीक्षक पोस्टरांपाशी फिरतात, प्रश्न विचारतात, उत्तर अडखळलं तर पुन्हा विचारतात. आडगावच्या महाविद्यालयातल्या मुलीलाही कोणीतरी अनोळखी जाणकार तिच्या कामाबद्दल विचारतो. ही व्यवस्था मौल्यवान आहे, आणि आपल्याच लोकांना तिची किंमत कळत नाही कारण ती त्यांना सवयीची आहे.

मग बदलायचं ते त्या परीक्षकाच्या हातातला तक्ता. प्रस्तावना-उद्दिष्टं-संदर्भ हे रकाने काढून टाका. त्याऐवजी असे प्रश्न ठेवा: चार पावलं लांबून मुख्य निष्कर्ष कळला का? त्याचा पुरावा देणारी आकृती विद्यार्थ्याच्या मदतीशिवाय समजली का? मोजमापात किती अनिश्चितता आहे हे त्याने स्वतःहून सांगितलं का? दोन मिनिटांत काम सांगता आलं का? हे प्रश्न परिषदेच्या महिनाभर आधी विद्यार्थ्यांना कळवा. त्यांना वेगळी कार्यशाळा नको, सल्लागार नको. गच्च पोस्टरं एका वर्षात कमी होतील, कारण मुलं मागितलं ते देतात.

इथल्या आमच्या विभागाच्या वार्षिक परिषदेसाठी मी आयोजकांना उलट्या दिशेची सूचना केली आहे: प्रत्येक विद्यार्थ्याच्या पोस्टरसाठी दुसऱ्या गटातले दोन वाचक आधीच नेमायचे, आणि त्यांनी किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ही पद्धत कुठून घेतली असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आपल्याकडच्या परीक्षकांचं सविस्तर वर्णन केलं. पुढच्या परिषदेला ती वापरून बघायचं ठरलं आहे, आणि वाचकांच्या जोड्या लावायचं काम माझ्याकडे आलं आहे.